उत्तराची जागा

एर्मिलो मास्तरांनी चौतीस वर्षं एल साउसालच्या शाळेत मुलांना वहीत समास सोडायला शिकवलं. पण उभ्या आयुष्यात एकच जागा त्यांच्या हातून सोडायची राहिली, आणि तीच त्यांना अजून झोंबते.

नदीकाठच्या त्या गावात एवोदिओ कोबोस नावाचा गवई होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करून तो स्वतःचं पोट भरायचा आणि हाराना वाजवून, गाऊन गावाचं मन. हाराना म्हणजे देवदाराच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं, छातीशी धरून वाजवायचं तारांचं वाद्य. मास्तर आणि एवोदिओ लहानपणापासूनचे सोबती. एवोदिओच्या मुलीला, लेओकादियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी मास्तरांनीच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघे मित्र एकमेकांना जिव्हाळ्याने 'कोंपाद्रे'ही म्हणू लागले, आणि मुलगी बोलायला लागल्यावर मास्तर तिचे 'पाद्रिनो', म्हणजे धर्मपिता, झाले.

गावात फांदांगो, म्हणजे गाण्या-नाचाचा मेळा, असला की एकटं कुणी गात नाही. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. टाकणारा प्रश्न विचारतो आणि थांबतो. उचलणारा तिथल्या तिथे यमक जुळवून उत्तर देतो. आणि मधल्या वेळात तारिमा नावाच्या बुटक्या लाकडी मंचावर नाचणाऱ्या बायकांचे पाय ठेका सोडत नाहीत. एवोदिओ टाकायचा, मास्तर उचलायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. मग खडूच्या धुळीने मास्तरांचा गळा बसला तो बसलाच. वरचा सूर फाटायला लागला, तेव्हा त्यांनी आपण होऊनच गाणं सोडलं. फाटका सदरा घालून मिरवणुकीत कशाला जायचं, असं म्हणायचे. त्यांच्या जागी कुणी ना कुणी उत्तर द्यायचं. पण ओळ टाकली की एवोदिओची मान आधी मास्तर बसले असतील तिकडे वळायची, ती सवय काही गेली नाही.

पुढे एवोदिओच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी लेओकादियाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. ती हालापा शहरात एका रेडिओ केंद्रावर कामाला होती. पुढच्या खेपेला ती येताना आपला जुना लॅपटॉप, एक माइक आणि हेडफोन घेऊन आली, ते थेट मास्तरांच्या घरी. बाबांच्या ओळी कुठे लिहिलेल्या नाहीत, ती म्हणाली. आहेत त्या त्यांच्या तोंडात. माझ्यासमोर ते गात नाहीत, खोकला दाबत बसतात. तुमच्यासमोर गातील.

मास्तर बाहत्तर वर्षांचे. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर लांबूनच नमस्कार केलेला. पण शिकवणाऱ्या माणसाला शिकायची लाज नसते. त्यांनी नवी कोरी वही काढली, समास आखला आणि विद्यार्थ्यासारखे खुर्ची ओढून बसले. लेओकादियाने त्यांना एका रविवारात सगळं शिकवलं. रेकॉर्डिंगला कपाटाची खोली घ्यायची, कारण टांगलेले कपडे आवाज पितात. उघड्या भिंतींवर घोंगड्या लावायच्या. पंखा बंद, फ्रिज बंद. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर श्वास त्यावर आपटतो. पडद्यावर आवाजाची पट्टी चढते-उतरते, ती हिरव्यात राहू द्यायची, लाल झाली की समजायचं आवाज फुटला. मास्तर क्रमांक घालून लिहीत गेले.

"आणि शेवटचं," ती म्हणाली, "मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. आधी त्याची प्रत काढून या पेनड्राइव्हवर ठेवायची. जी काय कापाकापी करायची ती दुसऱ्या प्रतीवर."

"कच्ची वही आणि पक्की वही. अगं, हे मीच तुला शिकवलंय."

"म्हणून तर सांगतेय. महिना संपला की आमच्या कच्च्या वह्या चुलीत घालायला लावायचात तुम्ही."

मास्तर हसले, आणि तेही वहीत लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं गाणं झालं. ऐकायला घेतलं तर एवोदिओ विहिरीच्या तळातून गातोय आणि कानाशी नुसती घरघर. माइकची वायर जोडली होती, पण कॉम्प्युटरला तो माइक वापर म्हणून सांगायचं राहिलं होतं. तो आपल्याच पोटातल्या छोट्या माइकने स्वतःचा पंखा ऐकत बसला होता. एवोदिओ म्हणाला, पंख्याचा गळा चांगला आहे, त्याला पुढच्या फांदांगोला बोलवू या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच्या कानांना हेडफोन लावून ठेका देणारी टिकटिक सुरू केली. वहीत आठवा मुद्दा होता तो. एवोदिओने दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हा माझं ऐकतच नाही, मास्तर. मी थांबलो तरी हा आपला चाललाय. अशाबरोबर कोण गाईल?"

टिकटिक बंद झाली.

तिसरा दिवस नोव्हेंबरातला, दुपारची वेळ. उत्तरेचा वारा सुटला होता आणि छपराचा पत्रा अधूनमधून खडखडत होता. पायाचा ठेका माइकमध्ये येऊ नये म्हणून मास्तरांनी एवोदिओच्या पायाखाली चटईची घडी ठेवली. एवोदिओने ती बघून घेतली. आज त्याचा श्वास बरा चालत होता. त्याने पहिली ओळ टाकली, प्रश्नावर आणून सोडली, आणि मास्तरांकडे बघून थांबला.

मास्तरांची नजर पट्टीवर होती. पट्टी हिरवी होती, त्यामुळे ते खुशीत होते. त्यांनी हातानेच 'चालू दे' अशी खूण केली.

"उत्तर?" एवोदिओने विचारलं.

"अरे, माझा फाटका गळा त्यात कशाला? तुझा आवाज जपायचाय. तू पुढे चल, मधलं मी मागाहून साफ करीन."

"साफ करशील," एवोदिओ म्हणाला. "गाणं आहे, मास्तर. शुद्धलेखन नाही."

पण तो गायला. एकूण तेवीस ओळी टाकल्या, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबला. कुठे थोडं, कुठे जास्त. थांबलेला असताना हाराना हळू वाजत राहायचा, चटईवर पाय पडत राहायचा, वारा पत्र्याला हलवून जायचा. शेवटची ओळ अगदी नवी होती, मास्तरांनी कधी ऐकलेली नव्हती:

'नदीबाई, नदीबाई, होडी कुठं बांधू?'

आणि त्याने तारांवर हात आडवा ठेवला. तेवीस ओळी झाल्या, आता तो थकला असेल, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी हेडफोन काढला, चष्मा पुसला, बटण शोधलं आणि दाबलं. एवोदिओ काहीतरी पुटपुटला खरा, पण वाऱ्याच्या आवाजात ते त्यांच्या कानांवर आलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मास्तर साफसफाईला बसले. पडद्यावर गाणं डोंगररांगेसारखं दिसायचं. एवोदिओ गायला तिथे डोंगर, थांबला तिथे जवळजवळ सपाट मैदान. ती मैदानं मास्तरांच्या डोळ्यांत खुपायला लागली. आळशी मुलाने वहीत मध्येच कोरी पानं सोडावीत तसं वाटे. त्यांनी एकेक मैदान कापलं आणि डोंगराला डोंगर जोडला. खोकला गेला, खुर्चीची कुरकुर गेली, वारा गेला. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी केलं. कानांना विचारलं नाही. बारा मिनिटांची पाच झाली. अगदी शेवटी, लेओकादियाने सांगितल्याप्रमाणे, आवाज हळूहळू विझत नेला. काम कसं सुबक झालं. पहिल्या नंबराच्या मुलाची वही.

जुना लॅपटॉप सारखा जागा नाही म्हणून तक्रार करत होता. मास्तरांनी विचार केला की जपायची ती चांगली गोष्ट; म्हणून पक्की प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. कच्ची फाइल पुसली. पुसलेलं जिथे पडून राहतं तो डबाही, नीटनेटक्या माणसासारखा, रिकामा केला.

नाताळात लेओकादिया आली तेव्हा तिघांनी मिळून थोडं ऐकलं. आवाज किती स्वच्छ आलाय, ती म्हणाली, आणि मास्तरांचे कान लाल झाले. एवोदिओने मान कलती करून दोन-तीन ओळी ऐकल्या.

"कोण हा?" तो म्हणाला. "फार घाईत दिसतो. बोट सुटायला आलीय का याची?"

सगळे हसले. मास्तरही हसले. त्या हसण्याची आठवण आता त्यांना नकोशी होते.

फेब्रुवारीत एवोदिओ गेला.

वर्ष भरलं तेव्हा त्याच्या अंगणात प्रार्थना झाली. मग मक्याचे वाफवलेले तामाले आणि कॉफी फिरली, दुपार कलल्यावर पुरुषांनी तारिमा मधोमध आणून ठेवला. लेओकादियाने मोठे स्पीकर मांडले होते. ती सगळ्यांना म्हणाली की आज बाबाच ओळ टाकतील, आपण उचलायची. आणि पहिलं उत्तर मी देणार. चार बायका तारिम्यावर चढल्या. दोघातिघांनी आपापले हाराने सुरात लावले.

एवोदिओचा आवाज अंगणात आला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. प्रश्न झाला. लेओकादियाने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पहिला शब्द बाहेर पडायच्या आत बापाने दुसरा प्रश्न विचारला.

लोक हसले. ती पुन्हा तयार झाली. या वेळी तिने घाई केली. तिचे दोन शब्द बापाच्या ओळीखाली चिरडले गेले. तिसऱ्याला मागून एका नावाड्याने प्रयत्न केला, चौथ्याला कुणीच नाही. नाचणाऱ्या बायकांचे पाय अडखळले, एकीने तर थांबून कमरेवर हात ठेवले. आवाज आपला चाललेला. विचारतोय, विचारतोय, आणि कुणाला आत येऊ देत नाही.

"एवोदिओ असा नव्हता गं," एक म्हातारी म्हणाली. "तो थांबायचा."

लेओकादियाने स्पीकर बंद केला आणि मास्तरांजवळ येऊन हळूच विचारलं, "मूळ कुठंय, पाद्रिनो?"

मास्तरांनी सांगितलं. वर्गात मुलं खाली मान घालून सांगायची, तसंच.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. "मी त्यांना कधी उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "मुलीने बापापुढे कशाला, असं वाटायचं. म्हटलं, एकदा तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कपाटाच्या खोलीत बसली. डोंगर पुन्हा दूर करून मध्ये मोकळी जागा घालता येते, ते तिने करून दाखवलं. पण कॉम्प्युटरने घातलेली ती जागा म्हणजे सरळ रेघ. तिच्यात खोली नव्हती, वारा नव्हता, वाट बघणारं माणूस नव्हतं. आणि घालायची तरी किती? सोप्या यमकाला एवोदिओ कमी थांबायचा, अवघड असलं तर जास्त. कुठे किती थांबला होता हे आता फक्त त्यालाच माहीत. मास्तर दोन तास मापं लावत बसले आणि शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

लेओकादिया पडद्याच्या उजव्या टोकाकडे बघत होती. "हे शेवटचं तुम्ही कापलं नाहीत," ती म्हणाली. "नुसतं विझवलंय."

तिने तेवढ्या तुकड्याचा आवाज खूप वर नेला. आधी उकळत्या तेलासारखी चरचर आली. मग चरचरीच्या मागे पत्रा वाजला. खुर्ची कुरकुरली. चटईवर पाय पडत होता, थप, थप. हारान्यावर हात ठेवल्यावरही त्याने ठेका सोडला नव्हता. आणि मग एवोदिओ, अगदी हळू:

"सावकाश, कोंपाद्रे. मी थांबलोय."

पुढे आणखी थोडा वारा, आणि संपलं. सगळी मिळून अकरा सेकंदं.

लेओकादियाने काही न विचारता तो तुकडा वेगळा काढला, त्याच्या दोन प्रती केल्या, आणि एक पेनड्राइव्ह मास्तरांच्या खिशात घातला. मग आधीच्या ओळीपासून पुन्हा लावलं. नदीबाई, नदीबाई, होडी कुठं बांधू? वारा. थप, थप. मी थांबलोय.

उत्तर मास्तरांना वर्षभरापासून येत होतं. कुणाला सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं.

"पाणी गेलं फाटून..." त्यांनी सूर लावला, आणि आवाज नेमका त्याच शब्दावर फाटला. वाक्य तिथेच लोंबकळलं. पुढचे शब्द तोंडात यायच्या आत रेकॉर्डिंग संपलेलं होतं. एवोदिओ अजून किती थांबला असता कोण जाणे. बटण मास्तरांनीच दाबलं होतं.

खोलीत टांगलेले कपडे तेवढाही आवाज पिऊन गेले. मग लेओकादियाने पडद्यावरची नजर न काढता ती ओळ उचलली.

"त्याला कुठं कुठं सांधू."

मास्तरांनी चष्मा काढला आणि वहीवर ठेवला.

"परत लाव," ते म्हणाले.