पंचवीसचा क्लिक

तुळशीराम चष्मा पुसायला वळला, तेवढ्यात भामाने टॉर्क पान्याची मूठ दोन वेढे उलटी फिरवली. मुठीवरची रेघ पंचवीसवरून पंधरावर आली. पाना होता तिथे ठेवून तिने शेवग्याची पुढची शेंग सोलायला घेतली.

"चला. चौथ्यांदा," तुळशीराम चष्मा चढवत म्हणाला.

"मी मोजत नाय," भामा म्हणाली. ती मोजत होती.

कामोठ्याच्या जुन्या गावात, घरापुढच्या पत्र्याखाली त्याची एकवीस वर्षांची गाडी बॉनेट उघडून उभी होती. चारही नवे प्लग बोटांनी फिरवून आट्यांत नीट बसले होते. उरले होते ते शेवटचे आवळणे. पाना ओढायचा, मुठीवर लावलेल्या आकड्याइतका, इथे पंचवीसचा, जोर भरला की तो स्वतःच 'कट्' असा आवाज करतो, की थांबायचे. शहाण्या माणसांसारखे त्यालाही कुठे थांबायचे ते कळते. फक्त तिथवर पोचायला हात लागतो, आणि तुळशीरामचा उजवा हात फाल्गुनातल्या लकव्याच्या झटक्यापासून रुसला होता. डावा शाबूत होता, पण अट उजव्याची होती, आणि उजव्याने सकाळपासून तीनदा ओढूनही पाना वाजला नव्हता.

अट मुलाची, प्रितमची. गाडीला गिऱ्हाईक त्यानेच आणले होते. "बाबा, उजव्या हातानं चारी प्लग बसवून दाखवा, मी त्याला नको म्हणून सांगतो," असे तो बोलला ते थट्टेत. तुळशीरामने ते सातबाऱ्यावर चढल्यासारखे धरले. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने दिलेला रबरी चेंडू तोवर उशाशी धूळ खात होता. त्या दिवसापासून तो इतका दाबला जाऊ लागला की भामाला चेंडूचीच दया यायची. गाडी गेली की चेंडू पुन्हा उशाशी जाणार, आणि त्याच्या शेजारी हा माणूसही भिंतीकडे तोंड करून पडणार, हे तिला दिसत होते. प्रितम आज पाच वाजता येणार होता.

तुळशीरामने पाना पहिल्या प्लगवर बसवला. उजव्या हाताची बोटे एकेक करून मुठीभोवती गुंडाळली, ओठ आवळले आणि ओढले.

कट्.

तो तसाच वाकून राहिला. मग पान्याकडे पाहिले, मग हाताकडे.

"ऐकलास?"

"ऐकला. मी काय बहिरी नाय."

दुसरा, तिसरा, चौथा. कट्, कट्, कट्. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता, पण तो पुसण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

"आणा इकडं, मी शून्यावर करून ठेवते," भामाने घाईने हात पुढे केला. काम झाले की मूठ शून्यावर आणायची, स्प्रिंगला ताणात निजवायचे नाही, हा त्याचाच नियम. एरवी या कामाला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आज त्याने मुकाट पाना दिला. भामाने मूठ फिरवली, पाना पेटीत तोंड उजवीकडे करून ठेवला आणि सुटले म्हणून श्वास सोडला.

पण सुटका कसली! तीस वर्षे त्याच्या गॅरेजात तिने हत्यारे पुसून मांडली होती. त्या गाळ्यात आता दहावीचा क्लास चालतो. गाड्यांऐवजी मुले दुरुस्त होतात. पण तिथले धडे ती विसरली नव्हती. कमी आवळलेला प्लग चालत्या इंजिनात सैल होत जातो आणि जाताना आटेही घेऊन जातो. शिवाय आवळायचे ते इंजिन गार असताना. म्हणजे प्रितमने चावी फिरवण्याआधी.

तिने त्याचे दोन्ही हात स्वतः साबण लावून खळखळून धुतले, त्याला जेवू घातले, खाटेवर आडवे केले आणि तो घोरू लागल्यावर तांदळाचा डबा घेऊन गिरणीत गेली. गिरणीत तासभर रांग. परत आली तेव्हा चार वाजायला आले होते. घोरणे चालूच होते.

तिने बॉनेट हळूच उचलले. पेटी उघडली. पान्याचे तोंड डावीकडे होते.

आपणच घाईत ठेवला असेल, असे म्हणत तिने मूठ पंचवीसवर आणली, पहिल्या प्लगवर पाना बसवला आणि पदर खोचून जोर लावला.

कट्.

प्लग केसभरही हलला नव्हता. दुसरा, कट्. तिसरा, चौथा. चारही आधीच पुरते पंचवीसवर होते.

भामाने खोचलेला पदर सोडला. मग पाना शून्यावर आणून, तोंड डावीकडेच करून ठेवला आणि घरात गेली. तुळशीराम फारच मन लावून घोरत होता. खाटेवरून खाली लोंबणाऱ्या त्याच्या डाव्या तळव्यावर ताजे ग्रीस होते.

पाच वाजता प्रितम आला. चावी फिरवताच गाडी सुरू झाली, आणि भिंतीवरचे मांजर पळाले.

"आई, खरंच? उजव्या हातानं?"

"चारी क्लिक मी ह्या कानांनी ऐकले," भामा म्हणाली. खरे तर तिने आठ ऐकले होते.

प्रितम अंगणाच्या टोकाला जाऊन गिऱ्हाइकाला फोन लावू लागला. तुळशीराम पायरीवर बसून त्याची पाठ बघत होता. भामा चहा घेऊन बाहेर आली.

"काय गो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाना जरा लवकर वाजला सकाळी. नाय?"

भामाने बशी पुसली. पुसलेलीच होती.

"स्प्रिंग म्हातारी झाली असंल," ती म्हणाली.

"तेच म्हनतो मी. चाळीस वर्षं झाली." त्याने चष्मा वर सरकवला. "तिला काय बोलू नको पन. वाईट वाटंल तिला."

रोज ती चहा त्याच्या डाव्या हाताशी ठेवायची. आज तिने कप उजव्या हाताशी ठेवला. त्याने खाली वाकून आत पाहिले.

"अर्धाच?"

"तेवढा उचला आधी," भामा शेजारी टेकत म्हणाली. "उरलेला मी घेऊन बसलेय."