सहावं पातं

मिस्त्रीचा हात चांगला होता, हे त्याच्यावर खार खाणारेही मान्य करायचे. वाईट होती ती जीभ. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता तो येणाऱ्या-जाणाऱ्याची टोपी उडवायचा, आणि लोक हसले की त्याला आणखी चेव यायचा. अशातच एकदा त्याने आपल्या सासऱ्यांना धरलं.

सासरे नावाडी. तीस वर्षं माणसांना या काठावरून त्या काठाला पोचवणारे. त्यांची तक्रार एवढीच, की इंजिनाचा धोक्याचा बझर मधूनच वाजतो आणि मग आपोआप गप्प होतो. मिस्त्रीने बोट धक्क्याला बांधून इंजिन तासभर चालवलं. बझर ढिम्म. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून झकास पडत होती. त्याने वायरी तपासल्या, सेन्सर नवा टाकला. चार दिवसांनी सासरे पुन्हा हजर.

"जावईबापू, काल परत वाजला हो."

"आणखी कोणी ऐकला?"

"कोण ऐकणार? शेवटची माणसं पलीकडे सोडली की मी एकटाच परत येतो. नेमका तेव्हाच वाजतो लेकाचा. एकदा संध्याकाळी चला ना माझ्याबरोबर."

"येतो की उद्या," मिस्त्री म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. सासरे तिसऱ्यांदा आले तेव्हा धक्क्यावर ही गर्दी होती, आणि मिस्त्रीची जीभ वळवळली.

"मामा, इंजिन ठणठणीत आहे. आता तुमचंच एकदा सर्व्हिसिंग करून घेऊ!"

झालं! लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवसापासून बोटीत चढणारा जो तो तोंडाने पीप पीप करायला लागला. सासरेही हसायचे. हसतील नाही तर काय करतील बिचारे?

मग ते गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. सासरे घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. इंजिन चांगलं, कान चांगले, मग राहिलं काय? डोकं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दार वाजल्याचे भास, आणि शेवटी शेवटी ती पोटच्या पोराला विचारायची, "आपण कोण?"

एके दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं, सोमवारी बोटीची किल्ली नव्या नावाड्याला देणार. "ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही, त्याने लोकांचे जीव हातात घेऊ नयेत." मिस्त्रीची बायको ढसाढसा रडली. मिस्त्रीने तिची समजूत घातली, "अगं, वय झालं त्यांचं. करू दे की आराम." आणि वर जेवलाही पोटभर.

रविवारी सकाळी नव्या नावाड्यासाठी बोट धुऊनपुसून झाल्यावर तो एक फेरी मारायला म्हणून एकटाच ती घेऊन पाण्यात गेला. मधोमध आल्यावर, काही कारण नसताना, त्याने इंजिन पूर्ण वेगाने सोडलं. वारा तोंडावर घेत पाच-सात मिनिटं गेली असतील नसतील, तोच पायाशी बझर किंचाळला. चांगला लांबलचक. त्याने वेग कमी केला तसा थोड्या वेळाने तो गप्प झाला. मिस्त्रीने बोट वळवली.

धक्क्याला येऊन त्याने इंजिन खोललं. खोटं कशाला बोला, खोलण्याआधीच त्याला कळलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्याने त्याच इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा बदलला होता. त्या पंख्याला सहा पाती असतात. जुना पंखा बाहेर आला तेव्हा पाचच होती. तुटलेलं पातं आत शोधायचं असतं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक. पण जेवायची वेळ झाली होती. गेलं असेल वाहून, असं म्हणून त्याने नवा पंखा बसवला आणि नट आवळले.

ते वाहून गेलं नव्हतं. नखाएवढा काळा तुकडा पाण्याच्या वाटेत, झडपेच्या तोंडाशी होता. इंजिन हळू चाललं की बाजूला पडायचा, जोरात चाललं की पाण्याच्या रेट्याने तोंडात जाऊन बसायचा, पाणी अडायचं, इंजिन तापायचं आणि बझर वाजायचा. माणसं भरलेली असताना सासरे बोट अशी चालवायचे की कोणाच्या हातातला चहा हिंदकळू नये. एकटे परतताना मात्र म्हातारा सुसाट सुटायचा! हे कोणाला माहीत असणार? एका संध्याकाळी सोबत गेला असता, तर मिस्त्रीला माहीत झालं असतं.

तुकडा तळहातावर घेऊन तो पाण्याकडे बघत राहिला. टाकला तर संपलं. बझर आता कधीच वाजणार नाही, कोणी विचारणारही नाही. त्याला स्वतःची शिसारी आली. तुकडा खिशात घालून तो सासऱ्यांच्या घरी गेला.

सासरे खिडकीशी वही घेऊन बसले होते. वहीत नावं लिहिलेली, घरच्यांची, शेजाऱ्यांची, रोज बोटीत येणाऱ्यांची. पानावर हात ठेवून ते ओठातल्या ओठात म्हणत होते. "रोज म्हणतो," ते ओशाळून म्हणाले. "एखादं सुटलं तर लगेच कळेल ना." पहिलं नाव जावयाचं होतं.

"मामा, तुम्हाला भास झाला नव्हता." मिस्त्रीने तुकडा वहीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, जेवणासकट.

"म्हणजे वाजत होता?"

"वाजत होता."

"खरंच वाजत होता?"

"खरंच, मामा."

"शपथ घ्या."

मिस्त्रीने शपथ घेतली. सासऱ्यांनी वही मिटली आणि तोंडावर धरली. खांदे हलत होते. मिस्त्रीला वाटलं, आता शिव्या द्याव्यात त्यांनी, कानाखाली वाजवावी. वही खाली ठेवून ते म्हणाले, "तीन महिने मी नातवंडांना जवळ घेताना घाबरत होतो हो, यांना विसरलो तर काय म्हणून." मग त्यांनी तुकडा परत त्याच्या हातात दिला. "हे मला एकट्याला सांगून भागणार नाही. जिथे हसवलंत, तिथे सांगा."

सोमवारी सकाळी धक्का फुलला होता. नवा नावाडीही येऊन उभा होता. मिस्त्री बोटीच्या टोकावर चढला, तुकडा वर धरला. "ऐका हो! मामांना भास होत नव्हते. बझर खरंच वाजत होता. चूक माझी होती. हे तुटलेलं पातं मी आत सोडलं आणि—"

"पीप पीप!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळा धक्का खदाखदा हसला. मिस्त्री बोलतोय म्हणजे थट्टाच असणार.

 मिस्त्रीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. नव्या नावाड्याकडे न बघता त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि ते आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.

"पुन्हा सांगा, जावईबापू," ते म्हणाले. "मीही तीनदा सांगितलं होतं. यांना पटेपर्यंत बोट सुटणार नाही."

मिस्त्रीने पहिल्यापासून सुरुवात केली.