आधी कासवाचा घास

आडाच्या गं तळाला, कासव राखनीला
माझा गं नरसिंग, वर खेळं अंगनाला

कासवा रं भाऊराया, खाली तू घास घ्यावा
वरल्या माझ्या राघूला, उमरीचा देठ द्यावा

हा सासूचा आवाज. सरजाबाईला जाऊन पंधरा वर्षं झाली, गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात उभं राहिलं. पण पारूबाईच्या कानातलं ते दळण काही सरलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पहिलं दळण संपल्यावर सासूनं पिठाच्या हातानंच तिचं मनगट धरलं आणि अंगणातल्या आडाजवळ नेलं. खाली वाकायला लावलं. काळ्या पाण्यात तव्याएवढं काहीतरी हललं.

"बघून ठेव," सासू म्हणाली. "लेकाच्या बारशाला ह्याच हातानं तळ्यातनं आणून सोडलंय. तवा तळहाताएवढं व्हतं. ह्याची उमर आन् माझ्या नरसिंगाची उमर एका गाठीत हाय. माझ्यामागं तुला सांभाळायचं हाय."

दुसरी एखादी नवरी हसली असती. पारूबाई घाबरली. घाबरली ती घाबरलीच.

देवणीकडच्या त्या गावांत आडात कासव सोडायची चाल जुनी. पाण्यातले किडे खातं, पाणी नितळ राखतं, एवढाच सगळ्यांचा हिशेब. पण सरजाबाईनं चार लेकरं मातीत घातल्यावर नरसिंग झाला होता. तिला नुसतं नितळ पाणी पुरणारं नव्हतं. तिनं लेकाला बोलता येऊ लागल्यापासून एक सवय लावली. जेवायला बसायच्या आधी भाकरीचा तुकडा मोडायचा, आडात टाकायचा, कासव वर येऊन तोंड मारी तोवर थांबायचं आणि मगच आपला घास उचलायचा. आधी त्याचा, मग माझा. नरसिंग साठीला आला तरी, घरी असला की त्यात खंड नव्हता. जाता-येता लोक विचारत, "नरसिंगराव, पावना जेवला का?"

"जेवला. आता माझा नंबर," असं म्हणून तो हसत आत वळे.

त्या साली चैत्रातच आड आटला.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती. आधी कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे, आता लातूर जवळ होतं. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, आणि दिवसातून एकदा येणाऱ्या टँकरची वाट बघत बायका घागरींची रांग लावून बसू लागल्या. शेजारची नीलम्मा म्हणायची, "जिल्हा जवळ आला गं अक्का, पाणी तेवढं लांब गेलं." पारूबाईचा लेक व्यंकट लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई होता. उन्हाळाभर आमच्याकडे येऊन राहा, असं त्यानं दोनदा लिहिलं. नरसिंगनं उत्तर धाडलं, "कासव कुठं ठिवू? तुझ्या सायबाच्या टेबलावर?"

आड उपसणारा भुजंग दोरानं खाली उतरला. त्यानं गाळाच्या पाट्या वर धाडल्या आणि शेवटच्या पाटीत कासव. पाठ गुळगुळीत, हिरवट, तिच्यावर पिवळे ठिपके. भुजंग दुसऱ्या दिवशी औश्याकडच्या कामाला निघून गेला. पारूबाईनं कासव तांब्याच्या घंगाळात ठेवलं आणि आपल्या वाट्याच्या दोन घागरींतली एक त्यात रिती केली.

दुपारी नरसिंगनं भाकरीचा तुकडा घंगाळात टाकला. कासवानं मान आत घेतली.

"जागा बदलली त्याची," पारूबाई म्हणाली. "उद्या खाईल. तुमी जेवा."

"थांबतो जरा."

तो थांबला. तुकडा फुगून पाण्यात विरला. ज्वारीची कणी पांढरी होऊन तळाशी बसली. नरसिंगनं ताट बाजूला सारलं आणि बैलांना कडबा टाकायला गेला. संध्याकाळी तिनं फार रेटलं तेव्हा अर्धी भाकर कशीबशी खाल्ली. पण ती खाताना तो सारखा घंगाळाकडं बघत होता, पाहुण्याला उपाशी ठेवून आपण चोरून जेवावं तसा.

तिसऱ्या दिवशी ती अर्धीही थांबली.

पारूबाईनं गूळ घालून पिठाच्या गोळ्या केल्या. हरभऱ्याची डाळ भिजवली. उकिरडा खणून गांडूळ शोधलं. मिळालं नाही, मातीत ओलच नव्हती. शेवटी नीलम्मानं बाजारातून वाळके बोंबील पदराखाली लपवून आणले.

"लिंगायताच्या सुनेनं बोंबील आनला म्हनून कुठं बोलू नको बाई," ती कुजबुजली. "माझी सासू आंघोळ घालंल मला, आन् आंघोळीला तर पानीबी न्हाई."

एरवी दोघी हसून लोळल्या असत्या. पारूबाईनं बोंबील कुटून कासवाच्या तोंडाशी धरला. डोळा मिटलेला. तिनं पाणी ओतून टाकलं, नवं घातलं. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते दोन वेळा फडक्यातून गाळलं, उन्हात ठेवून वास उडवला. स्वतः अर्धा तांब्या पाण्यावर दिवस काढला. रोज एक घागर कासवाची.

"अक्का, कुणी माणूस तहानलंय आन् तू कासवाला न्हाऊ घालून राहिलीस," नीलम्मा अखेर चिडली.

"माणसासाठीच करून राहिले," पारूबाई म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

तेरा वर्षं ती ते गिळत आली होती.

बाहत्तरच्या दुष्काळातही आड असाच आटला होता. सासू आदल्या वर्षीच गेलेली. नरसिंग पाझर तलावाच्या कामावर, दोन-दोन महिने घराबाहेर. कासव ह्याच घंगाळात होतं. असंच आधी खाणं सोडलं, मग मान आत घेतली, मग पाय. आठ दिवस ती त्याच्यासमोर बसून होती. शेवटी काडीनं डिवचलं तरी हललं नाही, तेव्हा तिनं ते लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि भर दुपारी, गाव कामावर असताना, सुकलेल्या तळ्याच्या काठी बाभळीखाली हातभर खड्डा खणून पुरलं. माती लोटताना तिला आपण कासव पुरतोय असं वाटलंच नाही. घरी येऊन तिनं कपाळावरचं कुंकू तीनदा आरशात बघितलं.

मग रोज वाट. तलावाच्या कामावरून कुणी येताना दिसलं की ती दारातून आत पळे. आता हा निरोप सांगणार. पण निरोप आला नाही. मृग बरसला, तळ्यात गुडघाभर पाणी आलं, आणि सरपणाला गेली असताना त्याच बाभळीपासून चार पावलांवर चिखलानं माखलेलं एक कासव तिला चालताना दिसलं. सासूनंच दुसरं धाडलं, असं तिला वाटलं. पदरात घेऊन पळत आली आणि आडात सोडलं. आठवड्यानं नरसिंग आला, आडात वाकला, म्हणाला, "दुष्काळात लई वाळलं बिचारं." ती चुलीकडं तोंड करून बसली होती.

तेव्हापासून नरसिंगला ताप आला की ती उशाशी बसून राही. पडसं झालं की गावदेवीला नवस. गाठ आपल्या हातानं तोडलीय, दोर कधीतरी सुटणारच. फक्त आज की उद्या, एवढंच तिला कळत नव्हतं.

सहाव्या दिवशी नरसिंग बाजेवर आडवा झाला तो उठला नाही. देवणीहून डॉक्टर आणला. त्यानं छाती बघितली, डोळे बघितले. "बिमारी काही नाही. जेवत का नाहीत?"

"भूक न्हाई," नरसिंग म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर त्यानं तिला जवळ बोलावलं. आवाज खोल गेलेला, आडातून यावा तसा. "पारू, तू रडू नगंस. आईनं बांधलेलं हाय. चार भावंडांवर मी गेलो न्हाई, साठ वर्षं मिळाली. लई झाली."

"गप बसा. चहा तरी घ्या."

दोन घोट चहा घेऊन त्यानं कप परत दिला. त्याच्या हाताचं हाड तिच्या बोटांना लागलं. आत्ताच सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. आणि सांगितल्यावर त्याच घडीला गेला तर? ज्या गाठीवर हा माणूस साठ वर्षं उभा होता, ती कधीचीच तुटलीय हे ऐकून काळीज थांबलं तर? ती कप घेऊन उठली.

नवव्या दिवशी सकाळी भुजंग औश्याहून परतला आणि राहिलेली मजुरीची ज्वारी न्यायला अंगणात आला. घंगाळाजवळ थबकला.

"वैनी, ह्याला अजून पान्यात ठिवलंय व्हय?"

"मग कुठं ठिवू? पान्यातलं जनावर."

"अवो, हे पान्याचं बी हाय आन् मातीचं बी हाय." भुजंग उकिडवा बसला. "हयात गेली माझी आड उपसण्यात. आड आटला की ही जात गाळात शिरती. घास न्हाई, पानी न्हाई, हू की चू न्हाई. मेल्यावानी पडून ऱ्हाती. पाऊस पडला की आपली आपन वर. तुमी पान्यात घालून ठिवलं, त्याला झोपू कुठं देता?"

पारूबाई आडाच्या काठाला धरून खाली बसली.

"मेल्यावानी?" तिनं विचारलं. "किती दिस?"

"दोन म्हैने, चार म्हैने. काडीनं टोचलं तरी हलत न्हाई बघा."

बाभूळ, धडपा, हातभर खड्डा. आणि पावसानंतर चार पावलांवर चिखलानं माखलेलं ते. भुजंगनं फुटका रांजण ओढला, आडाचा अजून ओला असलेला गाळ त्यात भरला आणि कासव वर ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग एक पाय बाहेर आला. मग दुसरा. नऊ दिवस न हललेलं जनावर गाळ मागं सारू लागलं, आधी दमानं, मग घाई असल्यासारखं. डोकं गेलं, अर्धी पाठ गेली, पिवळे ठिपके एकेक करून बुजले. वर नुसता गाळ उरला.

पारूबाई रडत रडत हसली. घंगाळातलं पाणी तिनं बैलांच्या दोणीत ओतलं आणि गाळानं भरलेले हात घेऊन तशीच आत धावली. "अवो, ऐकलं का—"

नरसिंग तिच्या हातांकडं बघत होता. दारातून रिकामं घंगाळ दिसत होतं.

"मातीत घातलंस?" त्यानं विचारलं.

"हाव, पन झोपलंय ते! भुजंगभाऊ म्हनला, पाऊस पडला की—"

"पारू." तो अगदी मायेनं म्हणाला. "मला लहान लेकरू समजू नगंस. माझी चार भावंडं अशीच झोपली, असं आईबी सांगायची. मेल्यालाच मातीत घालतेत."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. तिनं पाण्याचा तांब्या ओठांना लावला. त्यानं ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तिनं भुजंगला आत बोलावलं, त्यानंही सांगून पाहिलं. नरसिंग "बरं, बरं" म्हणत राहिला, आणि त्या "बरं"मध्ये कुणी निघताना म्हणावं तसा सूर होता. भुजंग टोपी हातात घेऊन बाहेर गेला.

दुपारचं ऊन दारात आलं. नरसिंगचा श्वास लहान लहान होत चालला होता, आणि प्रत्येक श्वासागणिक तिला जात्याचा घास तुटल्यासारखा वाटत होता. कानात सासू दळत होती. उमरीचा देठ द्यावा. पारूबाईनं पहिल्यांदाच मनातल्या मनात तिला म्हटलं, आत्याबाई, आता थांबा. मग ती बाजेवर बसली आणि गाळानं भरलेल्या हातानं नवऱ्याचा चेहरा आपल्याकडं वळवला.

"बाहत्तरच्या दुष्काळात तुमी तलावाच्या कामावर व्हता," ती म्हणाली, "तवाच तुमचं कासव मी मातीत घातलंय. ह्याच हातानं."

त्याचे डोळे उघडले.

"आठ दिस खाल्लं न्हाई, हललं न्हाई. मला वाटलं मेलं. तळ्याकाठच्या बाभळीखाली पुरलं. पावसाळ्यात तिथंच एक गावलं, ते दुसरं समजून आडात सोडलं. तुमाला सांगितलं न्हाई. तेरा वर्षं तुमी ज्याला आधी घास टाकून राहिले, ते कोनतं हाय मला ठावं न्हाई."

"मंग... माझं?" त्याचा आवाज फुटेना.

"तेच सांगून राहिले. तुमचं मेलं असंल, तर तेरा वर्षं तुमी त्याच्याबगर जगलाव; चार पावसाळे तर माझ्याशी भांडन्यात घालवलेत. आन् मेलं नसंल, तर तेच बाभळीखालनं उठून माझ्याफुडं आलं, आन् आताबी झोपलंच हाय. दोन्हीकडनं तुमाला भाकर खायाचीच हाय." तिचा आवाज चिरकला. "मी भ्याले वो. तुमी खोकलात की मी मरायची. तेरा वर्षं झाली, आता भ्यायचं बी बळ न्हाई माझ्यात. उठा. आज आधी तुमचा घास."