झुंबरबाईची नजर

“सायेब, घडापाशी शिंकायचं न्हाई म्हणता, मग नळी वढणारं पोरगं घडावर वकलं तर चालतंय का?”

प्रश्न तसा तेजूचा एकटीचा नव्हता. इंद्रायणी आणि रिंकूनं तो नारायणगावच्या शाळेतून येताना जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्याबरोबर रचला होता, आणि वर भेळेची पैज लावली होती. “आमचे पप्पा फवारणीची औषधं विकतात, पण मला गोडाऊनमध्ये पायसुद्धा ठेवू देत नाहीत,” रिंकू म्हणाली होती, “आणि तुम्ही लोक त्यात न्हाता. विचारच तू.” इंद्रायणीनं आगीत तेल ओतलं. “भर बैठकीत विचारून दाव, मग मानू वक्तृत्वाची ढाल तुलाच मिळाली. न्हाईतर परीक्षकांना डुलकी लागली व्हती असं समजू.”

ढाल आल्यापासून तेजूला गप्प बसणं हा अपमान वाटायला लागला होता. नववीतली पोरगी, अंगानं काडी, पण आवाज असा की बांधापलीकडचं कुत्रं उठून बसायचं.

बैठक तिच्याच बापाच्या, भरतच्या बागेत होती. द्राक्षं परदेशी धाडणारे साहेब पांढरे बूट घालून पिंपरी पेंढारच्या काळ्या मातीत आले होते आणि दुपारभर घडांचे लाड कसे करायचे ते सांगत होते. घडाला हात लावण्याआधी हात साबणानं धुवायचे. डोक्याला टोपी घालायची. सर्दी झालेल्या माणसानं बागेत फिरकायचं नाही. उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून घडाला कागद गुंडाळायचा. तोडणीच्या आधी घडांची तपासणी प्रयोगशाळेत होणार, औषधाचा एवढासा अंश जास्त निघाला तरी माल माघारी. ऐकणाऱ्याला वाटावं, पुढचा जन्म माणसाचा नको, भरतच्या बागेत घडाचाच मिळो.

“आणि बागेत लहान मुलं कामाला नाहीत ना? तिकडचं गिऱ्हाईक विचारतं,” साहेब म्हणाले.

“न्हाईऽऽ!” सगळी बैठक एका सुरात ओरडली. सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो तेजूचा धाकटा भाऊ शौर्य. पाचवीत होता. हात कोपरापर्यंत फवारणीच्या मोरचुदानं निळे.

त्यानंतर तेजूनं तो प्रश्न विचारला. माणसं हसली. साहेबही हसले.

“चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “पण तो विषय आरोग्य खात्याचा. आपण आता डावणीकडे वळू.”

आणि वळले. डावणी हा द्राक्षाचा रोग, त्याच्यावर त्यांनी तासभर काढला. तेजू भेळ जिंकली आणि बापाची मर्जी घालवून बसली.

“चारचौघात बापाचं नाक कापलंस,” साहेबांची गाडी गेल्यावर भरत म्हणाला.

“मी कुटं तुमचं नाव घेतलं आप्पा? तुमीच मान खाली घातली.”

“जीभ लई लांब झालीय हिची,” भरत बायकोला म्हणाला.

“ढाल आनली तवा तुमीच पेढं वाटलं,” सरू म्हणाली आणि खाली बघून हसली.

नळी ओढणं म्हणजे बागेतली सगळ्यात सोपी नोकरी. पंप टाकीपाशी धडधडतो, बाप पुढं फवारत जातो, आणि लांबलचक नळी लोखंडी खांबांना अडकू नये म्हणून मागं कुणीतरी ती सोडवत चालायचं. पुढच्याच्या तोंडाला निदान रुमाल असतो. मागच्याच्या वाट्याला सगळं धुकं. तेजूनं ही नोकरी दोन हंगाम केली. मग ती मोठी झाली, आता बरं दिसत नाही असं आईनं ठरवलं, आणि जागा शौर्यला मिळाली. त्याचा आनंद काय सांगावा! फवारणी असली की शाळा बुडायची.

फवारणी असली की शौर्य ओकायचाही. पण त्याचं कारण घरात केव्हाच सापडलेलं होतं. त्यांच्या बांधावरून झुंबरबाईची पायवाट जात होती, आणि झुंबरबाईचा एक डोळा तिरका होता. म्हणजे दृष्ट तिचीच. सरू मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, भरत दारात उभा राहून पायवाटेकडं रागानं बघायचा, पोरगं दुसऱ्या दिवशी हिंडायला लागायचं. उपाय लागू पडतो म्हटल्यावर रोग कोण शोधतो?

बैठकीला चार दिवस झाले नसतील, तोच मार्गशीर्षात आभाळ भरून आलं. हवा ओली, पानं ओली. अशा हवेत डावणीच्या धाकानं द्राक्षवाल्याला घास गिळवत नाही. भरतनं सकाळीच पंप काढला, पिठ्या ढेकूण या किडीसाठी आणखी एक जहाल औषध त्यात घातलं, आणि शौर्यला दप्तरासकट माघारी वळवलं.

तेजू दुपारी शाळेतून आली तेव्हा शौर्य बाजेवर पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं, पोट धरून कण्हत होता. बनियन अजून औषधानं ओलंच. घरात मिरच्यांचा धूर.

“ठसका येत न्हाई गं,” सरू रडकुंडीला आली होती. “एवढ्या मिरच्या जाळल्या तरी ठसका न्हाई. लई जबर नजर हाय!”

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि झुंबरबाई पिशवी सावरत उतरली. सरू तशीच पदर खोचून बांधावर धावली.

“आली का बघायला? माझ्या लेकराला खाऊनच ऱ्हाशील का गं सटवे?”

झुंबरबाईनं पिशवी खाली ठेवली. “कवा लागली म्हंतीस नजर?”

“आज! सकाळधरनं!”

“आन मी परवाधरनं मंचरला लेकीकडं. ह्यो जीपवाला साक्षीला. मंचरवरनं हितवर नजर पोचती व्हय गं सरू? मंग फौजेला दुर्बीण कशाला, मलाच भरती कर की!”

जीपवाल्यानं हसू दाबलं. तेजूला मात्र लख्ख दिसलं, ही नजर नव्हे, अंगावरचं औषध. तिनं घरात धाव घेऊन शौर्यचं ओलं बनियन काढून फेकलं, त्याचं अंग साबणानं खसाखसा धुतलं, त्याला चादरीत गुंडाळलं आणि ओरडली, “मावशी, जीप सोडू नका!”

“सोडती कुटं,” झुंबरबाई म्हणाली आणि जीपच्या पुढं जाऊन उभीच राहिली. “चल रं, फिरव गाडी. नारायणगाव.”

दवाखान्यात डॉक्टरनं शौर्यच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. “औषध कोणतं मारलं?” बागेतून तसाच जीपमध्ये चढलेल्या भरतनं नाव सांगितलं. नावं त्याला पाठ होती, शौर्यची इयत्ता विचारली असती तर अडखळला असता.

“याआधी असं झालं होतं?”

“दर फवारणीला,” तेजू म्हणाली.

“मग काय केलं?”

“दृष्ट काढली,” सरू हळूच म्हणाली.

“आज?”

“दोनदा.”

“बरं. आता तिसरी मी काढतो,” डॉक्टर म्हणाला आणि सुईसाठी शीर शोधू लागला. “तासभर उशीर झाला असता, तर काढायला काही राहिलं नसतं.”

भरत पोराचा तळपाय हातात धरून बसला होता. अंगठ्यानं त्या पायावरचा निळा डाग पुसत राहिला. डाग निघत नव्हता.

दोन दिवसांनी शौर्य घरी आला. आभाळ अजून भरलेलंच. भरत अंगणात उभा राहून कधी ढगाकडं बघे, कधी पंपाकडं. शेवटी खाकरून म्हणाला, “उद्या मारावंच लागंल. न्हाईतर बाग हातची जाईल.”

“मारा की,” तेजू म्हणाली. ती नुकतीच बांधापलीकडून आली होती. “पन शौर्य नळी धरनार न्हाई. मीबी न्हाई.”

“मंग कोन वढंल? तुजं सायेब?”

“तुमीच फवारा आन तुमीच मागं येऊन सोडवा. दुपारपात्तूर झालं न्हाई तर सांजंपात्तूर होईल.”

“ह्ये कोन ठरवनार?”

“मी ठरवलंय आप्पा. आई, तूबी आईक. फवारनी असंल त्या दिवशी शौर्य शाळंत जानार, आन शाळा सुटली की झुंबरमावशीच्या घरी. आप्पांची अंगोळ हून कापडं धुतल्याबिगर ह्या घरात पाऊल टाकनार न्हाई. मी मावशीला सांगून आलेय. ती व्हय म्हनली.”

“तिच्याकडं?” सरूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “अगं, तिची नजर...”

“लागू दे,” तेजू म्हणाली. “तिरकी असंना का, पोराकडं बगती तरी!”