अठराव्या दिवसाची अंडी

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता मंदाबाईची भुरी कोंबडी अंड्यांवर बसल्या जागीच मेलेली सापडली. तिला बसवून अठरावा दिवस होता. पिल्लं निघायला तीन दिवस उरले होते.

मंदाबाईने तिला उचललं. पाय अजून ताठले नव्हते, खालची अकरा अंडी कोमट होती. तिने एक अंडं गालाला लावलं, मग दुसरं, आणि सगळी पदरात गोळा केली. जानेवारीचे दिवस. ऊन उतरलं की अंडी गार पडायला वेळ लागणार नव्हता.

कोंबडीच्या अंगावर जखम नव्हती. पण सकाळी ती दाण्याला उतरली तेव्हा अंगणात हिरवी, पातळ घाण करून गेली होती. मंदाबाईने त्यावर राख टाकून झाडून घेतलं होतं. बसलेली कोंबडी घाण करतेच, असं तिने मनाला समजावलं होतं.

गेल्या श्रावणात अशीच हिरवी हगवण आधी दिसली होती. आठवड्याभरात मरीच्या साथीने तिच्या सोळा कोंबड्या नेल्या, नंतर गल्लीतल्या. मरी मंदाबाईच्या घरून निघाली, असं लोक अजून म्हणत. तिच्याकडे वाचली ती एकटी भुरी. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा सासूने टोपलीत घालून आणलेल्या कोंबड्यांच्या वंशातली ही शेवटची. आता त्या वंशाचं जे काही होतं ते या अकरा अंड्यांत होतं.

"खोल पुरा," ती नवऱ्याला म्हणाली. "खड्ड्यात मीठ टाका." आणि ती शेजारी गेली.

रुखमिणीची काळी कोंबडी चार दिवसांपासून खुडूक होती, अंडी नसतानाही उबवायला बसत होती. तिची खुडूक मोडायला रुखमिणी तिला टाक्याच्या पाण्यात बुचकळत होती.

"तिसरी खेप हाय," रुखमिणी म्हणाली. "पंख झटकते अन् पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसते. मायी सासू बी एवढी हट्टी नव्हती."

मंदाबाईने पदर उघडून दाखवला. "भुरी गेली वो बाई. अंडे गरम हायेत अजून. काळी दे मले, तीन दिवस."

"गेली? कायनं?"

"मुंगसानं नेली." विचार करायच्या आत तोंडून निघून गेलं.

"दिवसाढवळ्या? लय ढीट झालं मग ते." रुखमिणीने अंड्यांवर हात ठेवून पाहिला. "पण काळीले हलवायचं नाही. जागा बदलली का खुडूक कोंबडी उठते, तुले मालूम नाही का? अंडेच ठेव इथं."

अंगणात रुखमिणीच्या नऊ कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"मायाच घरी बसवू ना."

"कायले? मी का तुये पिल्लं खाऊन टाकीन?"

मंदाबाईने त्या नऊ कोंबड्यांकडे पाहिलं. हाताखालची अंडी निवत चालली होती. मग ती खाली बसली आणि रुखमिणीने आणलेल्या टोपलीतल्या भाताच्या नव्या तणसावर एकेक अंडं ठेवू लागली. काळी ओल्या पंखांनी आली आणि चोचीने अंडी पोटाखाली ओढून घेतली.

घरी परतली तेव्हा तिचा नवरा इश्वर खड्डा बुजवून हात धूत होता.

"सांगितलं का तिले?"

"काय सांगू? कायनं मेली ते तुमाले तरी मालूम हाय का?"

"मले नाही," इश्वर म्हणाला. "तुले हाय."

बुधवारी काळी दाण्याला उतरली, पाणी प्यायली, परत बसली. मंदाबाई दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा आत शिरण्याआधी तिने राखेने हात घासले, रुखमिणीच्या उंबऱ्याबाहेर पाय धुतले.

"देवळात येऊन राहिली का तू?" रुखमिणीने विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी मंदाबाईने एक अंडं कानाला लावलं. आत बारीक चिवचिव होती.

"बोलते का?" रुखमिणीने विचारलं.

"बोलते."

"काळी आज उतरली नाही वो दाण्याले. पिल्लं बोलाले लागले का नाही उतरत न?"

"नाही उतरत," मंदाबाई म्हणाली. ते खरं होतं. तिने अंगणभर नजर फिरवली. रुखमिणीने नुकताच शेणाचा सडा टाकला होता. हिरव्या घाणीचा कसलाच माग दिसत नव्हता.

शुक्रवारी सकाळी सातला रुखमिणीने भिंतीवरून हाक मारली. तीन पिल्लं निघाली होती. मंदाबाई धावत गेली. पिल्लं पंखाखालून डोकं काढत होती. काळीचे डोळे अर्धे मिटलेले होते. खुराड्यातली एक लाल कोंबडी दार उघडलं तरी बाहेर आली नव्हती, मान आत ओढून बसून होती.

"थंडीनं असंल," रुखमिणी म्हणाली. "तरी माया पोरानं, भुपेंद्रनं, अड्याळच्या ढोरांच्या डॉक्टरले फोन केला. दहानंतर येतो म्हणे."

"डॉक्टरले काय सांगशील?"

"जे हाय ते. तू बी थांब. तुये अंडे हायेत, काही विचारलं तं सांगशील."

मंदाबाईने होकारार्थी मान हलवली.

साडेनऊ वाजता चार पिल्लं निघालेली होती आणि पाचव्या अंड्याला तडा गेला होता. काळी टोपलीत होती. लाल कोंबडी उठली नव्हती. मुंगसाचं खोटं मंदाबाईने अजून मागे घेतलं नव्हतं, ती अंगणातच होती, आणि डॉक्टर अजून आले नव्हते.