कवडीच्या टोपलीतलं थोरलं अंडं

मी बोलतोय, आणि जरा अदबीने ऐका, कारण माझ्याइतकं मजबूत अंडं अख्ख्या अंबरनाथ पूर्वेला सापडायचं नाही. इतकी वर्षं टोपलीत आहे. नासलो नाही, फुटलो नाही, कुणाच्या बुर्जीत गेलो नाही. पुराच्या साली अंगणात पाणी शिरलं, टोपली वाहून गेली, मी जागचा हललो नाही.

आता खरं सांगतो. हसायचं नाही. मी अंडं नाहीच. मी एक गोटा आहे. नदीतला पांढरा, गुळगुळीत गोटा.

माझा जन्म बारवीच्या पात्रातला. आठवत मात्र काही नाही, दगडाचं बालपण फार लांब असतं. तिथून उचलून एका मास्तरांनी मला पाड्यावरच्या शाळेत टेबलावर कागद दाबायला ठेवलं. दुसरीचा वर्ग. पंधरापर्यंतचे पाढे मी तोंडपाठ केले. सोळाचा सुरू झाला आणि मास्तरांना कुणीतरी आत फुलं कोंडलेला काचेचा गोळा भेट दिला. मी खिडकीतून बाहेर! म्हणून सोळाचा पाढा मला विचारू नका. बाकी काहीही विचारा, उत्तर देईन. बरोबर असेलच असं नाही.

खिडकीखालून मला उचललं जिजाने. ही डोंगरातली बाई, बदलापूरच्या बाजारात कोंबड्या विकायची. तिच्याकडून आमच्या चांगुणाबाईंनी एक ठिपक्याठिपक्यांची तलंग घेतली. ठिपकेवाली, म्हणून नाव कवडी. जिजाने कोंबडीबरोबर मलाही त्यांच्या पिशवीत टाकलं.

"बये, ह्यो गोटा टोपलीत ठेव. अंडी रोज उचल, पन ह्याला हात लावू नको. कोंबडीला वाटंल, आपलं येक हाय हितं. मंग ती घालाया दुसरीकडं जायाची नाय."

झालं. शाळेत नापास झालेला मी एकदम अंडं म्हणून पास झालो. माझं कामच मुळी फसवायचं, आणि माझ्यासारख्या खोडकराला याहून चांगली नोकरी कुठली? कवडी रोज सकाळी यायची, मला पोटाखाली सारायची आणि आपलं अंडं घालून गावभर ओरडत सुटायची. मी मनात म्हणायचो, बाई, आपलं थोरलं लेकरू समजून ज्याला कुरवाळतेस, तो दुसरी नापास आहे.

मग चांगुणाबाई यायच्या. ताजं अंडं गरम असतं. त्या ते आधी एका डोळ्याला लावायच्या, मग दुसऱ्या. थंडीत तर बराच वेळ. मग पाहुण्यारावळ्यांची चौकशी करावी तशी कवडीची चौकशी करायच्या आणि आत जाऊन तव्यावर तेल सोडायच्या. चर्रर्र आवाज आला की गल्लीतली मांजरं सावध.

त्या अंड्याचा बलक कसा, तर झेंडूच्या फुलासारखा. फोडलं की वाटीत उभा राहायचा, पसरायचा नाही. त्यावर नुसतं मीठ-मिरपूड, सोबत गरम भाकरी. चांगुणाबाईंचा मुलगा प्रमोद फॅक्टरीत कामाला. तो भाकरीच्या तुकड्याने बलक असा पुसायचा, की ताट घासायची गरज उरू नये. पण तोंड वर करून म्हणायचा, "आई, अंडं ते अंडं. दुकानातलं काय आणि घरातलं काय. तू खाली-पिली कोंबडीचं कौतुक करते."

"बोटं चाटून झाली की बोल," चांगुणाबाई म्हणायच्या.

दुकानातली अंडीही घरी यायची अधूनमधून. पांढरीफेक, एका मापाची, ट्रेमध्ये शिस्तीत बसलेली. मी त्यांच्याशी बोलून पाहिलं. "कुठून आलात?" तर एकालाही आईचं नाव सांगता येईना! त्यांचा बलक फिकट, तव्यावर पडला की आळसावून लोळायचा. वाईट नव्हती बिचारी. पोट भरायचं. पण ती खाऊन प्रमोदने ताट पुसलेलं मी कधी पाहिलं नाही.

हे असं छान चाललं होतं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.

प्रमोदची बायको अस्मिता. हसरी, चटपटीत, आणि वस्तू जागेवर दिसली की ती हलवायची घाई. तिने न्हाणीच्या पत्र्यावर प्लॅस्टिक पसरून कुरडया वाळत घातल्या. वाऱ्याने प्लॅस्टिक उडायला लागलं. तीन कोपऱ्यांना विटा मिळाल्या. चौथ्याला काय? तिने टोपलीत हात घातला, आणि मी पत्र्यावर.

ऊन काय मी म्हणतो! पण नजारा झकास. दोन्ही अंगणं दिसायची. दुसऱ्या दिवशी कवडी टोपलीपाशी आली, आत डोकावली, मी नाही. बाहेर आली. पुन्हा डोकावली. मग कुंपणाच्या भोकातून तडक शेजारच्या हिरामणकडे गेली. त्याच्याकडे एक मोडकी रिक्षा वर्षानुवर्षं उभी होती. कवडी तिच्या मागच्या सीटवर चढली, पॅसेंजरसारखी ऐटीत बसली, आणि अंडं घालून उतरली.

मी पत्र्यावर हसून हसून लोळलो असतो, पण खाली कुरडया होत्या.

हिरामणला रोज सकाळी आम्लेट. बायकोला सांगायचा, "ही रिक्षा आयुष्यात पहिल्यांदा धंदा करतेय, तिला भंगारात देऊ नको."

इकडे आमच्या घरात सुतक. टोपली रिकामी. चांगुणाबाई कवडीला उचलून पोट चाचपायच्या, तांदूळ घालायच्या, समजूत काढायच्या. शेवटी प्रमोद म्हणाला, "आई, म्हातारी झाली ती. रविवारपर्यंत बघू. नाहीतर रस्सा करू."

चांगुणाबाईंनी कवडीला पदराखाली घेतलं. एरवी एका वाक्याला चार परत करणारी बाई तिला घेऊन आत निघून गेली, तेव्हा माझंही हसू थांबलं. पाहत सगळं होतो, सांगू शकत नव्हतो. मी ओरडलोही असेन. दगडाचं ओरडणं तुम्ही कधी ऐकलंय?

शनिवारी प्रमोद कामावरून आला तो मागच्या दाराने. इकडेतिकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि रुमालातली दोन तपकिरी अंडी हळूच टोपलीत ठेवली. रस्सा करणारा पठ्ठ्या! आईचा पडलेला चेहरा याला बघवत नव्हता, आणि तसं तोंडाने म्हणायला लाज वाटत होती. स्टेशनाबाहेरच्या टोपलीवाल्याकडून 'गावठी, गावठी' म्हणून घेऊन आला होता.

चांगुणाबाईंना अंडी दिसली. असा आनंद! कवडीला मिठी, कवडीला तांदूळ. कवडी बावरलेली, फुकटचं कौतुक कुणाला नको? मग बाईंनी सवयीने अंडं डोळ्याला लावलं. थंडगार. मोरीपाशी नेऊन धुतलं, तर बोटं तपकिरी, त्यांना चहाचा वास, आणि अंडं पांढरं. वाटीत फोडलं, तर फिकट बलक लोळत पार काठापर्यंत गेला.

"प्रमोद!"

"काय आई?"

"कवडी चहा प्यायला लागली का रे?"

अस्मिता आधी फुटली. प्रमोद कान खाजवत उभा. "त्याने तर गावठी म्हणून दिली, आई..."

"अंडं ते अंडं ना? मग रंगवलेलं आणायला कशाला गेलास? ये, खा आता." आणि त्याच्याकडे पाहता पाहता बाईंचे डोळे भरले. अंड्यासाठी नाही, एवढं दुसरीपर्यंत शिकलेल्यालाही कळतं.

मग त्या एकदम टोपलीकडे वळल्या. "आणि माझा गोटा कुठाय गं?"

"कुठला गोटा, आत्या? तो होय! कुरडयांवर ठेवलाय मी. चांगला जड आहे."

"अगं माझे आई, तो नाही म्हणून ती रुसलीय!"

असा माझा परत प्रवेश झाला. अस्मिताने मला धुऊन, पदराने पुसून टोपलीत ठेवलं. रविवारी सकाळी कवडी आली, डोकावली, बसली. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. प्रमोदने ते अंडं खाल्लं, ताट पुसलं आणि रश्शाचं नाव काढलं नाही. दोन दिवसांनी कुंपणावरून हिरामणचं डोकं वर आलं.

"जयभीम मावशी. जरा विचारायचं होतं, आमची रिक्षा अंडी द्यायची बंद झाली हो."

चांगुणाबाईंनी पायातली चप्पल काढली. त्याला दाखवायलाच, मारायला नाही. मग एक अंडंही दिलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली, आता मी टोपलीतच असतो. थोडा पिवळा पडलोय, एका बाजूला टवका उडालाय. तुम्हाला एवढंच विनवतो, घरात एखादी वस्तू उगीच पडलेली दिसली, तर हलवण्याआधी कोंबडीला विचारा.

काल दुपारी कवडी माझ्यावर बसली होती. ती आता खरंच म्हातारी झालीय, आठवड्याला एखादंच अंडं. मला राहवलं नाही. म्हटलं, "कवडे, एक गंमत सांगू? इतकी वर्षं तुला फसवलं. मी अंडं नाही, दगड आहे दगड!"

तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"फसले कधी मी? पोटाखाली घेतल्यावर गार काय आणि गरम काय, मला कळत नाही होय? मी घातलेलं प्रत्येक अंडं ती उचलून नेते. मागे राहतोस तो तू एकटा. म्हणून येते."