अवेळी वाजलेली घंटा

आज माझी दोरी कोणीही ओढलेली नाही, तरीही मी बोलते आहे. मी या चर्चच्या मनोऱ्यातली घंटा. माझा आवाज ऐकून दचकू नका. त्या सकाळी मी स्वतःच जी दचकले, ती अजून सावरलेली नाही.

माझा जन्म याच अंगणात, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात झाला. तांबे आणि कथील वितळत असताना गावातल्या बाया घरच्या पळ्या, वाट्या, मोडके दिवे घेऊन आल्या आणि त्यांनी ते त्या रसात सोडले. ओतारी हसून म्हणाला होता, "आवाज गोड निघाला तर कसब माझं, फाटका निघाला तर दोष तुमच्या वाट्यांचा!" आवाज गोड निघाला. माझ्या अंगात प्रत्येक घराचा कणभर धातू आहे, म्हणून प्रत्येक घर मला आपली लेक मानत आले.

चर्च वैभवाचे होते. वेदीभोवती पिळदार खांब, त्यांवर सोन्याचा वर्ख, कमानीकमानींवर गुबगुबीत गालांचे देवदूत आणि घुमटाच्या आत रंगवलेले निळे आभाळ. पोट रिकामे असलेला माणूसही तेथे मान वर करून पाहताना क्षणभर आपली भूक विसरत असे. हे सारे मी मनोऱ्याच्या झरोक्यातून पिढ्यान्‌पिढ्या पाहिले.

माझी दोरी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला सारे दोरीबाबा म्हणत. अंगाने तो इतका काटकुळा, की मी परत झुलताना दोरीबरोबर त्याचे पाय जमिनीवरून सुटत. समोरची बेकरीवाली दारातून ओरडायची, "दोरीबाबा, तुम्ही तिला वाजवता की ती तुम्हाला?"

"आम्ही दोघंही वाजतो गं पोरी. वाजवणारा वर बसलाय!"

हे वाक्य मी मनोभावे मानले होते. आपण केवळ निमित्त. नाद त्याचा, हात त्याचा. या श्रद्धेवर मी सुखाने झुलत होते.

या गावाची एक जुनी रीत होती. घंटा अवेळी वाजली, की कारण विचारायचे नाही. हातातले काम टाकायचे आणि चर्चमध्ये धावायचे. गावात सर्वांत जाड भिंती चर्चच्या. महापुराच्या वर्षी मी अशीच अवेळी वाजले होते आणि सारे गाव त्या भिंतींच्या आड तरले होते. मूल चालायला लागले, की आया त्याला आधी हीच वाट दाखवीत.

आणि मग ती सकाळ उजाडली.

दोरीबाबा आपल्या खोलीत सदऱ्याला गुंडी लावत बसला होता. जमीन हलली, पण इतकी हलकेच, की बाजारातल्या लोकांना वाटले, लादलेली गाडी गेली असेल. मनोरा मात्र उंच. तो वेळूसारखा डोलला. मी झुलले. माझा लोलक अंगावर आदळला. पुन्हा आदळला. पुन्हा. मी घाबरून खाली पाहिले. दोरी नागिणीसारखी वळवळत होती आणि तिला हात नव्हता! आजवर ज्याच्या हाताने मी वाजत होते, तो हात कुठे होता? मला थांबता येईना. घंटेला जीभ असते. पण ती आवरण्याची सत्ता घंटेकडे नसते.

गाव धावत सुटले. बेकरीच्या दारात बेकरीवाली आपल्या तरुण लेकीला सांगत होती, "पळ तू! मी भट्टी झाकून आलेच."

"तूही चल ना, आई!"

"आले गं, तू हो पुढं!"

दोरीबाबा सुईदोरा लोंबता ठेवून "कोण आहे रे तिकडं?" असे ओरडत आला आणि मला थांबवण्यासाठी त्याने दोरीला मिठी मारली. मी जवळजवळ शांत झालेच होते. तेवढ्यात खरा भूकंप आला.

त्याविषयी मी फार बोलणार नाही. घुमट बसला. रंगवलेले आभाळ माणसांवर कोसळले आणि त्या भगदाडातून खरे आभाळ, तसेच निळे, काहीही न घडल्यासारखे खाली पाहू लागले. मनोऱ्याबरोबर मीही पडले. मला साधा तडाही गेला नाही. याची मला आजही लाज वाटते.

दोरीबाबा जिन्याच्या कमानीखाली जिवंत सापडला, तेव्हा त्याच्या मुठीत माझी दोरी होती. मग कोणाला काही विचारावेच लागले नाही. लेकीला मातीआड करून आलेली बेकरीवाली त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही बोलावलंत म्हणून गेली ती! कशाला वाजवलीत?"

"मी नाही गं वाजवली. मी तर तिला धरत होतो."

"मग काय ती आपली आपण वाजली?"

हो! मी आकांताने सांगत होते, हो! पण ढिगाऱ्यात तोंड खुपसून पडलेल्या घंटेचे ऐकतो कोण?

पुढे चर्चची उभारणी सुरू झाली. मैदानात दगड ओळीने मांडले गेले. कमानीचे इकडे, खांबांचे तिकडे. ज्या देवदूतांना मी संगमरवरी समजत आले होते, ते पाठीकडून पोकळ निघाले. बोरूच्या काड्या, सुतळी आणि चुना! मुख्य मिस्त्री म्हणाला, "पुढून राजा, मागून खोका. लग्नातल्या व्याह्यासारखं!" कामगार हसले. मला मात्र धक्काच बसला. कोणाच्या आधाराला आम्ही आधार म्हणत होतो? या वेळी भिंतींच्या पोटातून लोखंडी पट्टे फिरवले गेले. घुमट पुन्हा चढू लागला आणि रंगाऱ्याने पुन्हा निळा रंग कालवला.

मला अंगणातच उंच लाकडी सांगाड्यावर टांगले होते, दोरीवाचून. बेकरीवाली रोज कामगारांना पाव आणून देई. दगड झाडत बसलेल्या दोरीबाबाजवळून मात्र टोपली पुढे जाई. तो काही मागत नसे. सदऱ्याची ती गुंडी त्याने कधी लावलीच नाही.

घुमट पुरा होत आला, तसा बेकरीवालीने धर्मगुरूंना निर्वाणीचे सांगितले, "ही घंटा वितळवा. आणि या माणसाला गावाबाहेर काढा. नाहीतर मी या दारात पाऊल टाकणार नाही." अनेकांनी माना डोलावल्या.

ठरलेल्या दिवशी मला न्यायला गाडी आली. दोरीबाबा गाठोडे बांधून कडेला उभा होता. निघताना त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला. "येतो गं. तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे."

तो चार पावले गेला असेल, तोच पायांखालची माती शहारली. सांगाडा करकरला. मी झुलले आणि साऱ्या गावाच्या देखत खणाणले. एकदा. दोनदा. तीनदा. मला दोरीच नव्हती!

कोणी हलले नाही. भूकंपाचा तो उरलासुरला हुंदका विरला, तरी माझा नाद हवेत थरथरत राहिला. मिस्त्रीच्या हातातली थापी खाली पडली.

बेकरीवाली माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे... म्हणजे कुणीच बोलावलं नव्हतं? मग बाबा, तिला आत कुणी पाठवलं? मीच ना? 'पळ' म्हणाले मी. 'हो पुढं' म्हणाले."

ती मटकन खाली बसली. दोष द्यायला माणूस होता, तोवर ती ताठ उभी होती.

दोरीबाबाने गाठोडे ठेवले आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. "पोरी, महापुरात तुझी आई हाच आवाज ऐकून आत धावली होती. तू पोटात होतीस. तिलाही तिच्या आईनं तेच शिकवलं होतं. तू लेकीला मरणाकडं नाही धाडलंस. तुला ठाऊक होती त्यातली सगळ्यांत भक्कम जागा दिलीस तिला."

"आणि मी तुम्हाला..."

"ते राहू दे. टोपलीत पाव उरलाय का? लई दिवस झाले."

ती रडत रडतच हसली आणि तिने पाव मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. गाडी रिकामीच परत गेली.

आज चर्च उभे आहे. वर्ख झळकतो, देवदूतांची पोकळ पाठ भिंतीला लागली आहे. दोरीबाबाचे हात आता थरथरतात, म्हणून पहिल्या प्रार्थनेची दोरी बेकरीवालीने ओढली. लोलक आपोआप हलू नये म्हणून त्याला चामड्याचा पट्टा बांधून ठेवण्याचे कामही तिने मागून घेतले आहे. ती रोज गाठ दोनदा तपासते.

माझ्या दोरीला त्या सकाळी कोणाचा हात होता, हे मला अजून उमगलेले नाही. विचारायचे धाडस होते, तेव्हा उत्तर येत नाही. आणि शांत झाले, की प्रश्नच विरघळतो. पण जन्मभर 'या, या' म्हणत आलेली मी आज तुमच्यापुढे पदर पसरते. गाठ सुटेल, पट्टा तुटेल, पुन्हा कधी मी अवेळी वाजेन. तेव्हा माझ्याकडे धावू नका. लेकराचा हात सोडू नका. भट्टी तशीच राहू द्या आणि बाहेर, उघड्या आभाळाखाली जा. तेवढे एक आभाळ कोणी रंगवलेले नाही.